मुसाफिरखान्याचं माळवद

चारठाणा, ता. जिंतूर
११ ऑगस्ट २०२५

विरेश,

आधी 'चिरंजीव' लिहिलं होतं, मग तो कागद बाजूला ठेवून नवा घेतला. चार वर्षं जो भाऊ फोन उचलत नाही त्याला आशीर्वाद देणारी मी कोण? फोन कापता येतो. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, म्हणून पत्र.

काम आहे म्हणून लिहितेय. हळवी-बिळवी झालेली नाही. आपल्या मुसाफिरखान्याला यंदा शंभर वर्षं होतात. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की आतल्या दालनात कार्यक्रम आहे, तीनशे माणसं येणार. वाचनालय समितीचे अध्यक्ष माणिकराव यांनी इमारतीच्या इतिहासाची पुस्तिका माझ्या गळ्यात मारली. म्हणाले, तुमचं अर्धं आयुष्य इथं गेलं, तुम्हीच लिहा. उरलेलं अर्धं कुठं गेलं ते त्यांनी विचारलं नाही.

तर इतिहास असा. निजामाच्या राज्यात, फसली १३३५ साली, येणाऱ्या-जाणाऱ्यांना उतरायला ही सराई बांधली. काळ्या दगडाच्या भिंती, सागवानी तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचं माळवद. कोपऱ्यातली एक खोली गोऱ्या साहेबासाठी राखीव होती. तिला अजून साहेबाची खोली म्हणतात, पण साहेब आलेला कुणी पाहिला नाही. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर तिथं चावडी झाली, मग धान्याचं कोठार, आणि पासष्ट सालापासून वाचनालय. अडुसष्टला श्री. मन्मथअप्पा तिथं शिपाई म्हणून लागले आणि पुढे त्यांची कन्या ग्रंथपाल झाली. त्यांच्या चिरंजीवांबद्दल पुस्तिकेत ओळ नाही. काय लिहावं ते सुचलं नाही.

गावात आठशे वर्षांची देवळं बघायला लांबून माणसं येतात आणि आपल्या इमारतीच्या सावलीत गाडी लावतात. आता एका दिवसापुरता तरी तिचा मान होईल.

तुझ्याकडे अप्पांचा एक फोटो आहे, माळवदावर डोक्यावर घमेलं घेऊन उभे असतानाचा. तो पुस्तिकेसाठी पाठव.

बाकी इमारत ठणठणीत आहे. तू २०१७ साली भिंतीतल्या भेगांवर चिकटवलेल्या काचेच्या तिन्ही पट्ट्या शाबूत आहेत. कालच पाहिल्या.

वैजयंतीअक्का

ता. क. पावसाळ्यात छतातून बारीक माती गळते, ते नेहमीचंच ना? तू इंजिनिअर म्हणून सहज विचारलं.


२१ ऑगस्ट २०२५

विरेश,

फोटो आला नाही, पण पोस्टाची पोचपावती आली आणि तिच्यावर तुझी सही आहे. 'र' ची शेपटी अजून तशीच लांब काढतोस. म्हणजे पत्र तुझ्या हातात पडलं. एवढ्यावर मी पुढचं लिहितेय.

मला भीती वाटायला लागलीय. आधी हे लिहिते, नाहीतर चार पानं इकडचं-तिकडचं लिहून शेवटी राहूनच जाईल.

दुपारी चारच्या सुमारास, ऊन उतरलं की, वर तुळई कण्हते. एकदाच, लांब. मुलं मान वर करत नाहीत, त्यांच्या कानात बोळे असतात. अभ्यासिकेत सध्या एकेचाळीस मुलं-मुली बसतात, तलाठी भरती, पोलीस भरती, काय काय. तिसऱ्या तुळईखाली निकिता बसते. तिचे वडील चहाची गाडी लावतात आणि ती सकाळी माझ्याआधी दारात हजर. परवा तिनं वही झटकली, पुन्हा झटकली, आणि मला म्हणाली, मॅडम, इथं रोज पिठी पडते. मी म्हटलं, जुनी इमारत आहे, पडायचीच. तोंडानं हसले आणि तिची वही पुसून दिली.

तुझं नि अप्पांचं भांडण मला या दिवसांत शब्दन् शब्द आठवतं. अक्षय तृतीया झाली की मृगाच्या आत माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा, ही अप्पांची पन्नास वर्षांची सेवा. सोमवारचा उपास चुकेल, थर चुकायचा नाही. म्हणून छत कधी गळलं नाही, गावानं त्यांचं नाव काढलं. आणि तू सतराच्या मे महिन्यात आलास, छताला भोक पाडून आत मोजपट्टी घातलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालास की दोन फूट माती चढलीय, जुनी काढल्याशिवाय नवी टाकत राहिलात तर एक दिवस सगळं खाली येईल. अप्पांनी घमेलं खाली ठेवलं. "माझ्या हाताची माती हाय ती. तिचं वझं तू मोजू नकोस." तू पट्टी खिशात घातलीस, भेगांवर तारीख घालून काचा चिकटवल्यास आणि मला बाजूला घेऊन सांगितलंस, अक्का, काच तडकली की भिंत हलली समज, तिथं थांबू नकोस. मग गेलास. पुन्हा तुम्ही दोघं बोलला नाहीत.

अप्पा गेल्यावर त्यांची सेवा मी मोडू दिली नाही, हेही तुला सांगायचं होतं. मागच्या बेलाखाली त्यांनी पांढऱ्या मातीचा मोठा ढीग साठवून ठेवला होता. त्यातून दर उन्हाळ्यात मी स्वतः पदर खोचून घमेली वर नेली. अभ्यासिकेवरच जास्त टाकली, कारण गळती तिथंच लागते. यंदा चौथं वर्ष, ढीगही संपला. पन्नाशी उलटलेल्या बाईनं जिना चढून माती वाहणं सोपं नाही. गावानं माझंही नाव काढलं.

एक उत्तर दे. हो किंवा नाही, एवढं जरी लिहिलंस तरी चालेल.

अक्का


३० ऑगस्ट २०२५

विरेश,

माळवदावर जाणाऱ्या जिन्यात ओल आली आणि भिंतीवरच्या चुन्याचा मोठा पापुद्रा सुटला. आत काळी अक्षरं दिसली, उर्दू. पुस्तिकेला बरं म्हणून मी जिंतूरच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांना बोलावलं. त्यांनी ओल्या फडक्यानं हळूहळू बाकीचा चुना पुसला, चष्मा दोनदा काढला-घातला आणि वाचलं. तो सरकारी हुकूम आहे, इमारतीची देखरेख करणाऱ्या दारोग्याला. छतावर नवी माती घालण्याआधी जुनी उतरवावी. दर पाच सालांनी छत फळ्यांपर्यंत रिकामं करावं. कसूर करणारा नोकरीवरून दूर केला जाईल.

ते म्हणाले, सुंदर हस्ताक्षर आहे, जपा. मी त्यांना ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

कुणीतरी अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास साली उत्साहानं त्यावर चुना फासला असणार. निजाम गेला, त्याची अक्षरंही जाऊ देत. वाचणारा दारोगा गेला, पुढं अप्पा आले, त्यांना माती टाकायची एवढंच ठाऊक. काढायची असते हे ज्या भिंतीवर लिहिलेलं, तिला खांदा घासत ते पन्नास वर्षं वर जात होते. आणि त्यांच्या मागं मी.

आता खरं लिहिते. पहिल्या पत्रात काचा शाबूत आहेत म्हणून लिहिलं ते खोटं. साहेबाच्या खोलीच्या भिंतीवरची काच जूनमध्ये तडकली. अभ्यासिकेतली जुलैत, मधोमध. त्याच आठवड्यात कार्यक्रमाच्या परवानगीसाठी तालुक्याहून तपासणीला माणूस येणार होता. मी घरातल्या एका जुन्या फ्रेमची काच कापून आणली, दोन्ही पट्ट्या बदलल्या, वर तुझ्या अक्षरासारखी २०१७ ची तारीख टाकली. त्यानं बोटानं काच वाजवून पाहिली आणि 'सुस्थितीत' लिहून सही केली. माणिकरावांनी त्याला पेढा दिला, मलाही दिला. मी तो खाल्ला.

का केलं म्हणून विचारशील. इमारत एकदा बंद झाली की तिथं गाळे काढायचे हे समितीतल्या दोघांच्या मनात कधीचं आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला सांगितलं. पण ते सगळं खरं नाही. काच तडकली म्हणजे तू खरा ठरलास, आणि अप्पांनी पन्नास वर्षं जी सेवा केली ती सेवा नव्हती. ते मला सोसलं नाही.

सतरा तारखेला अठरा दिवस आहेत. मी काय करू ते सांग.

अक्का


९ सप्टेंबर २०२५

विरेश,

फोटो मिळाला. तो नंतर पाहिला, आधी मागची ओळ वाचली. 'टेकू दिल्याशिवाय एकही माणूस आत बसवू नकोस.' आठ वर्षांत तू मला लिहिलेली ही एकच ओळ. ती घेऊन त्याच संध्याकाळी माणिकरावांकडे गेले. काचांचं मात्र सांगितलं नाही. फक्त म्हटलं की हुकूम असा सापडलाय, पाऊस लय झालाय, कार्यक्रम शाळेत घेऊ. त्यांचे पत्रिकांचे गठ्ठे समोरच होते. ते चिडले नाहीत, उलट समजूत काढल्यासारखं बोलले. "मॅडम, शंभर वर्सं पडली न्हाई, ती काय सतरा तारखेची वाट बघायलीय?" सगळे हसले. हसण्यासारखंच होतं म्हणा, मीही हसले असते.

चार दिवस झड लागलीय. कोरडी माती आणि भिजलेली माती यांच्या वजनात किती फरक पडतो हे तुला विचारणार नाही. मी एक घमेलं भिजवून उचलून पाहिलं. उचललं गेलं नाही.

परवा मी निकिताची जागा बदलली. तिथं पंख्याचा वारा लागतो म्हणाली, पुन्हा जुन्याच खुर्चीवर जाऊन बसली. मी ओरडले तिच्यावर, कारण नसताना. रडली पोरगी. खरं कारण सांगितलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. ते वाक्य माझ्या तोंडातून निघत नाही. मी रोज सकाळी कुलूप उघडते, एकेचाळीस जणांना आत घेते आणि संध्याकाळपर्यंत छताकडे बघत बसते, जशी काही माझ्या नजरेच्या टेकूवर ते उभं आहे.

रात्री झोप लागत नाही. मी भित्री आहे हे मला या वयात कळलं. इमारत पडेल याची भीती आहेच. पण ती पडण्याआधी मला बोलावं लागेल, याची जास्त आहे.

अक्का


१२ सप्टेंबर २०२५

विरेश,

आज सकाळी सव्वाअकराला निकिता पाणी प्यायला उठली. ती माठापाशी असताना तिसऱ्या तुळईजवळची फळी सुटून तिच्या खुर्चीवर आली. हातभर लांब, दोन बोटं जाड, आणि तिच्यामागून पाटीभर ओली माती. खुर्चीचा हात मोडला. तिच्या वहीत 'तलाठ्याची कर्तव्ये' असं लिहिलेलं होतं, त्यावर चिखल. भिंतीवरची माझी नवी काच फुटून खाली पडली होती.

कुणाला काही झालं नाही. मुलं उठून बघायला लागली, एकानं फोन काढला. माझा आवाज मलाच ऐकू आला, पुस्तकं राहू द्या, दप्तरं राहू द्या, बाहेर व्हा. शेवटी निकिता राहिली, हातात पेला तसाच. तिला मी दंडाला धरून ओट्यावर आणलं आणि कुलूप लावलं. मग ओट्यावरच, सगळ्यांसमोर सांगितलं. काचा जूनपासून तडकल्यात, मी बदलल्या, तारीख खोटी टाकली. निकितानं पेला पायरीवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता घरी गेली. तिच्या जागी मीही बघितलं नसतं.

तेच सगळं लिहून, सही करून, तहसील कचेरीत देऊन आले. पोच घेतली.

माणिकराव तासाभरात आले आणि किल्ली मागू लागले. फळी काय, ठोकून घेऊ म्हणाले. मी किल्ली दिली नाही. ती कमरेला आहे आणि मी हे ओट्याच्या पायरीवर बसून लिहितेय. कागद मांडीवर आहे, अक्षर वेडंवाकडं येतंय, समजून घे.

अक्का


१९ सप्टेंबर २०२५

विरेश,

कार्यक्रम शाळेच्या पटांगणात झाला, मंडप गळत होता. मला बोलावलं नव्हतं. पुस्तिकेत माझं नाव छापून झालेलं, त्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवली. समितीनं मला कामावरून थांबवलंय, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. शंभर वर्षांनी त्या हुकुमाची अंमलबजावणी झाली म्हणायची.

इमारत अजून पडली नाही. येता-जाता लोक विचारतात, काय मॅडम, पडली का? मी मान हलवते. आणि तुला सांगू, कधीकधी वाटतं, एकदाची पडू दे, म्हणजे मी खरी ठरेन. लगेच स्वतःचीच भीती वाटते.

काल दुपारी एक ट्रक येऊन उभा राहिला. लोखंडी टेकू, चार माणसं आणि आदिनाथ नावाचा मुकादम. कुणी पाठवलं म्हटलं तर म्हणाला, विरेश साहेबांनी हैदराबादहून. ते येणारेत का म्हटलं तर खाली बघून म्हणाला, तसं काही बोलले नाहीत. तू तहसीलला फोन करून रीतसर परवानगी घेतलीस हे मला त्याच्याकडूनच कळलं. त्यांना तुझा फोन लागतो म्हणायचा.

टेकू बसताना मी समोरच्या चिंचेखाली उभी होते. आत माणसं होती, आणि ती बाहेर येईपर्यंत मी दाराकडे बघत डोकी मोजत होते.

अक्का


२८ सप्टेंबर २०२५

विरेश,

हे पत्र मी तीन दिवस लिहितेय.

टेकू बसल्यावर पाऊस उघडला आणि माती उतरवायचं काम निघालं. माळवदाची माहिती असलेला माणूस हवा म्हणून मी पाथरीहून गोपाळ बेलदाराला बोलावलं. अप्पांच्या हाताखाली तो वीस वर्षं होता, आता त्याचे गुडघे गेलेत. वर फळ्या टाकून त्यावरून तो चालला, अभ्यासिकेवर टिकाव मारला आणि थांबला. हातात माती घेऊन चुरली. मग कठड्यावरून मागं वाकून त्यानं बेलाखालची रिकामी जागा पाहिली.

"अक्का, खालचा ढीग वर कुणी आनला?"

मी म्हटलं, मी आणला. चार वर्षं थोडा थोडा करून.

त्यानं मुठीतली माती खाली टाकली. "आमी आन् अप्पानं चार उन्हाळे ती माती वरून खाली उतरवायलो व्हतो की. पोराचं खरं हाय म्हनले. पन कुनाला बोलू नगं म्हनले."

विरेश, तू गेलास त्याच मे महिन्यापासून. भल्या सकाळी, वाचनालय उघडायच्या आत. मी येईपर्यंत ते हातपाय धुऊन, विभूती लावून ओट्यावर बसलेले असायचे आणि मला वाटायचं थर देऊन आले. अभ्यासिकेवरून सुरुवात केली होती, कारण खाली मुलं बसतात. गुडघाभर माती त्यांनी उतरवली होती. ती मी पुन्हा तिथंच नेऊन टाकली. पदर खोचून, त्यांचं नाव घेत.

तिसरी तुळई आदिनाथनं मला दाखवली. भिंतीतलं टोक पार कुजलेलं. त्यात त्यानं बोट घातलं तर मुळापर्यंत आत गेलं. म्हणाला, मॅडम, ही सवयीनं उभी होती.

आता शेवटचं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. एकवीस साली, अप्पा परभणीला दवाखान्यात असताना, तू फोनवर मला विचारलं होतंस, 'त्यांनी माझं नाव काढलं का?' मी म्हटलं, नाही. एकदाही नाही. त्या दिवसापासून तू फोन उचलत नाहीस. लॉकडाऊनमुळे येता आलं नाही असं गावाला मीच सांगत आले, पण त्या उत्तरानंतर तू यायचं तरी कशाला?

त्यांनी नाव काढलं होतं. दोनदा. ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून म्हणाले, "विरूला इचार, टेकू कुठं द्यायचे." मला वाटलं तापात बरळतायत. नाही, तेही खोटं. मला वाटलं, इतकी वर्षं उशाशी मी बसले आणि शेवटी आठवण त्याची. म्हणून तुला नाही सांगितलं. ते शुद्धीवर होते, विरेश. तुला काम सांगत होते.

माळवद आता फळ्यांपर्यंत रिकामं झालंय. गोपाळनं उतरवलेलं एक घमेलं, अप्पांच्या सगळ्यात खालच्या थराचं, त्यांनी तरुणपणी टाकलेलं, ते मी कुणाला हलवू दिलं नाही. रुद्रभूमीत आपल्या रीतीनं अप्पांना बसवून पुरलं तेव्हा जमलेल्या सगळ्यांनी मूठमूठ माती दिली. तुझी राहिली. ते घमेलं तुझ्यासाठी बेलाखाली झाकून ठेवलंय.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, फाडायचं तरी पत्र आधी हातात घ्यावं लागतं. तेव्हा तू ते फाडशील याची भीती होती. आज तू हे पूर्ण वाचशील याची आहे. वाच, आणि मला काय बोलायचं ते समोर येऊन बोल. मी ओट्यावर बसलेली असेन.

तुझी अक्का